मार्कडाउनच्या मजकुराला स्वतःचे कंपोनंट कसे जोडावेत

लिहिणाऱ्याला एचटीएमएलच्या टॅगांत अडकावे लागू नये, म्हणून जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन ही साध्या चिन्हांनी मजकूर लिहिण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मात्र त्या साध्या मजकुराचे वेबपान होताना दुवे, तक्ते आणि शीर्षके कशी दिसावीत व कशी वागावीत, हे संकेतस्थळ बांधणाऱ्यालाच ठरवावे लागते. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पान कंपोनंट नावाच्या छोट्या तुकड्यांतून बांधतात; तिच्यावर उभारलेले पाककृतींचे मराठी संकेतस्थळ उदाहरणादाखल घेऊ.

प्रथम एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून ‘रिॲक्ट-मार्कडाउन’ हे पॅकेज घ्यावे. तक्ते मूळ मार्कडाउनमध्ये नसल्यामुळे सोबत ‘रिमार्क-जीएफएम’ हे प्लगइनही जोडावे. नाहीतर तक्त्याच्या उभ्या रेघा पानावर जशाच्या तशा उमटतात.

त्यानंतर या पॅकेजच्या ‘कंपोनंट्स’ या प्रॉपला (कंपोनंटला बाहेरून जे मूल्य देतात तो प्रॉप) एक ऑब्जेक्ट द्यावा. टॅगचे नाव आणि त्या टॅगऐवजी वापरायचा आपला कंपोनंट, अशा जोड्या त्यात असतात. हा ऑब्जेक्ट पान रेंडर करणाऱ्या फंक्शनच्या बाहेरच लिहावा, असा माझा आग्रह आहे. कंपोनंट आत लिहिला, तर दर रेंडरला नवे फंक्शन तयार होते, रिॲक्ट त्याला निराळाच कंपोनंट समजून जुना काढून टाकते, आणि वाचकाने एकेक जिन्नस टिकमार्क केलेली साहित्याची यादी पुन्हा कोरी होते. प्रत्येक कंपोनंटला ‘नोड’ नावाचा प्रॉपही मिळतो. तो वेगळा काढून उरलेले प्रॉप तेवढे टॅगला द्यावेत.

तक्त्याचे काम सोपे आहे: मोबाइलवर तो पानाबाहेर जाऊ नये, म्हणून त्याला आडव्या सरकणाऱ्या डिव्हमध्ये, म्हणजे चौकटीच्या टॅगमध्ये, ठेवावे.

शीर्षकांकडे मात्र मराठी संकेतस्थळाने नीट लक्ष द्यावे. अनुक्रमणिकेतून थेट त्या भागाकडे जाता यावे, यासाठी शीर्षकाच्या मजकुरावरून त्याचा आयडी तयार करतात. इंग्रजी उदाहरणांतून उचललेली रेगेक्स (मजकुरातली अक्षरे नमुन्यानुसार निवडणारे सूत्र) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरते आणि जावास्क्रिप्टमध्ये तिला केवळ रोमन अक्षरे, अंक व अंडरस्कोअर एवढेच कळते. त्यामुळे ‘कृती’ या शीर्षकाचा आयडी रिकामाच राहतो. त्यावर उपाय म्हणून युनिकोडचा फक्त ‘अक्षर’ हा गट घेतला, तर मात्रा व वेलांट्या गळून ‘कृती’चे ‘कत’ आणि ‘साहित्य’चे ‘सहतय’ होते, कारण युनिकोड ही चिन्हे आणि हलन्त ‘मार्क’ या निराळ्या गटात धरते. म्हणून अक्षर, मार्क आणि अंक हे तिन्ही गट रेगेक्समध्ये घ्यावेत.

शेवटी सुरक्षिततेकडे वळावे. हे पॅकेज मजकुरातले कच्चे एचटीएमएल आपणहून चालवत नाही, आणि ते तसेच राहू द्यावे. कच्चे एचटीएमएल पानात उतरवणारे ‘रिहाइप-रॉ’ हे प्लगइन जोडणे भागच पडले आणि मजकूर बाहेरच्या लेखकांकडून येत असेल, तर त्याच्या पाठोपाठ ‘रिहाइप-सॅनिटाइझ’ ही धोकादायक भाग काढणारी गाळणी लावावी. क्रम उलटा झाल्यास गाळणी आधी लागते आणि कच्चे एचटीएमएल सगळेच काढून टाकते, त्यामुळे ‘रिहाइप-रॉ’ला उतरवायला काहीच उरत नाही.