पुण्याच्या थंडीतली भयकथा कशी लिहायची

पुण्यात बर्फ पडत नाही. तरीही डिसेंबर आला की कथांमधून सदाशिव पेठेतली माणसं रात्री नऊ वाजता दिवाणखान्यात बसून तोंडातून वाफा सोडू लागतात, खिडक्यांवर हिमकण जमतात आणि वारा घोंघावत सुटतो. वाचक तिथेच कथेबाहेर पडतो. भयकथेतून एकदा बाहेर पडलेल्या वाचकाला परत आत आणणं फार अवघड असतं.

म्हणून सुरुवात तापमानापासून करा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं किमान तापमान साधारण ११-१२ अंश असतं. कडाक्याच्या रात्री ते आठ-नऊवर येतं. पाषाण आणि एनडीएचा भाग शिवाजीनगरपेक्षा गार असतो, मगरपट्टा आणि वडगावशेरी बरेच उबदार. दुपारी मात्र सगळीकडे पारा २८-२९ पर्यंत चढतो आणि माणसं स्वेटर काढून कंबरेला बांधतात. रात्र आणि दुपार यांच्यातलं हे सोळा-अठरा अंशांचं अंतर म्हणजे पुण्याच्या लेखकाला आयती मिळालेली रचना आहे. रात्री काहीतरी घडतं, दुपारच्या उन्हात ते खोटं वाटू लागतं, संध्याकाळी गारठा उतरला की पुन्हा खरं वाटतं. अशा तीन रात्री आणि मधल्या दोन दुपारी धरल्या की दोन हजार शब्दांच्या कथेचा सांगाडा उभा राहतो. दुपार गाळू नका. सलग भीती वाचली की मन बधिर होतं.

वेळही नीट निवडा. आपल्या हिवाळ्यात मध्यरात्रीपेक्षा पहाट जास्त उपयोगाची. तापमान सर्वांत खाली जातं ते सूर्योदयाच्या आसपास, आणि जानेवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे साडेसहाला शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं, दूधवाला, पेपर टाकणारा पोऱ्या, टेकडीवर निघालेले आजोबा असे सगळे अंधारात, गारठ्यात आणि आपापल्या सवयीच्या गुंगीत असतात. तोंडातून वाफ दिसायची तर ती इथेच, नदीकाठी किंवा पाषाण तलावाशी, जिथे हवेत ओलही असते.

मे महिन्याची कसोटी

कल्पना सुचली की ती मे महिन्यात घडवून बघा. तरीही तितकीच चालत असेल तर तुमच्याकडे भयकथा असेल, पण थंडीची कथा नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज मोजत चढणाऱ्या माणसाला एके दिवशी १०४ भरतात, ही कल्पना वाईट नाही, पण तिला मफलर गुंडाळून ती हिवाळी होत नाही. कात्रज घाटात लिफ्ट मागणाऱ्या बाईचंही तेच, आणि ती गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली आहे. शनिवारवाड्यावरच्या आरोळीचा तर हिवाळ्याशी काही संबंधच नाही. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, ऐन गणपतीतला.

कसोटीला उतरेल अशी गोष्ट शोधायची तर भुतापासून सुरुवात करू नका. थंडीत घरातलं काय बदलतं त्याची यादी करा. पावसाळ्यात फुगलेली लाकडी दारं कोरड्या हवेत आकसतात, त्यामुळे चार महिने न लागणारी कडी सैल होते आणि दार आपोआप उघडतं. जुन्या वाड्यांतला कडीपाट, म्हणजे लाकडी छत, रात्री गार होताना कडकन वाजतो. शेकोटीचा धूर वर न जाता गल्लीत लोंबकळतो. तूप रवाळ होतं. खोबरेल तेल थिजतं.

या शेवटच्या एका ओळीतून पूर्ण कथा कशी निघते, ते तपशिलात बघू.

खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. डिसेंबरात बंद खोलीचं तापमान पहाटे त्याच्या खाली असतं, म्हणून बाटलीतलं तेल पांढरं, घट्ट होतं आणि आपण ती उन्हात ठेवतो किंवा तळव्यांत धरून चोळतो. आता कसब्यातलं एक घर घ्या. आज्जी श्रावणात गेली. सुनेला बाळ झालं आश्विनात. ‘टाळू मीच भरणार’ असं आज्जी शेवटपर्यंत म्हणत होती. आता मार्गशीर्ष आहे. आज्जीची मागची खोली बंद आहे आणि तिच्या कोनाड्यात तिची तेलाची बाटली तशीच आहे.

पहिले अडीचशे शब्द फक्त घर, बाळ आणि तेल यांच्यावर खर्च करा. सून बाटलीत बोट घालून पांढरं तेल खरवडते, ते बाळाच्या टाळूवर ठेवताच पाणी होतं. ही ओळ सहज, कौतुकाने लिहा. कथेचा सगळा भार पुढे हिच्यावर येणार आहे, म्हणून तिच्याकडे बोट दाखवू नका. चारशेव्या शब्दाच्या आत पहिली विसंगती यायला हवी. सून पहाटे जास्तीची गोधडी काढायला मागची खोली उघडते, तर आज्जीच्या बाटलीतलं तेल पातळ आहे, कोणीतरी नुकतंच तळव्यांत धरल्यासारखं. स्वयंपाकघरातली बाटली मात्र दगड. दुपारी ती नवऱ्याला दाखवायला जाते तेव्हा दोन्ही बाटल्या पातळ असतात आणि तो हसतो, कारण दुपारी तेल वितळतंच. दुसऱ्या रात्री ती आज्जीची बाटली स्वयंपाकघरात आणून ठेवते. सकाळी दोन्ही बाटल्या थिजलेल्या असतात, तिला हायसं वाटतं, फक्त आज्जीच्या बाटलीतलं तेल बोटभर कमी झालेलं असतं.

तिसऱ्या रात्री बाळ दहाला दूध पिऊन झोपतं. सुनेला जाग येते ती थेट सातला. दोन महिन्यांत पहिल्यांदा बाळ रात्रभर उठलेलं नाही, आणि आईला आधी बरं वाटतं. हे बरं वाटणं पाच-सहा ओळी टिकवा, घाई करू नका. मग ती बाळाची कुंची सोडते. टाळूवर तेलाची पांढरी वडी बसलेली आहे.

इथे थांबा. ‘बाळ गेलं होतं’ असं लिहिलंत तर दोन हजार शब्द वाया गेले. टाळूवर तेलाचं पाणी होतं हे वाचकाने पहिल्या पानावर बघितलेलं असतं, त्यामुळे ते वाक्य त्याचं तोच पूर्ण करतो.

अशी कथा बिघडते ती बारीकसारीक जागी. तेल केसांच्या टोकांना थिजलेलं दाखवलंत तर ते जिवंत माणसाच्याही केसांत थिजतं, ते टाळूवरच हवं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी धगधगत असेल तर तेल पातळच राहील, म्हणून ओवा-वावडिंगाची धुरी संध्याकाळी उरकून शेगडी बाहेर काढा आणि ते एका वाक्यात सांगून टाका. गोधडीत गुंडाळलेल्या अंगाची ऊब सावकाश जाते, म्हणून दहा ते सात एवढं लांब अंतर ठेवलं आहे, दोन तासांत हे होणार नाही. आणि आज्जीला दुष्ट करू नका. तिला फक्त टाळू भरायची आहे. प्रेमाने आलेल्या भुतापासून वाचकाला स्वतःचा बचाव करता येत नाही.

पंखा बंद झाल्यावर

शहरातल्या फ्लॅटमध्ये थंडीची सगळ्यात भीतिदायक गोष्ट म्हणजे आवाज. वर्षातले नऊ-दहा महिने रात्रभर फिरणारा पंखा डिसेंबरात बंद होतो, खिडक्या लागतात, आणि त्या घरघरीखाली दडलेलं सगळं ऐकू येऊ लागतं. वरच्या मजल्यावरचा नळ, लिफ्टचं दार, भिंतीपलीकडचं खोकणं. स्वच्छ, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे आवाज वर न निसटता खाली वळतो आणि दूरवर पोचतो. एरवी कधी न ऐकू येणारी रेल्वेची शिट्टी पार पर्वतीपलीकडे ऐकू येते ती यामुळेच. रिकाम्या फ्लॅटमधून आवाज येतो एवढंच लिहिणं ढोबळ झालं. तो आवाज उन्हाळाभरही येत होता आणि पंख्यामुळे कळला नाही, हे पात्राच्या लक्षात येणं जास्त झोंबतं.

आकाशाकडेही बघून लिहा. ढग असले की किमान तापमान वाढतं, म्हणून ‘काळेकुट्ट ढग, विजा आणि हाडं गोठवणारी थंडी’ हे पुण्यात एकत्र येत नाहीत. कडाका निरभ्र, चांदण्या रात्रीचा. दत्तजयंतीच्या पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावल्या पायाशी गोळा झालेल्या असतात. लांबलचक सावली दाखवलीत तर चूक होईल, किंवा ठरवून दाखवलीत तर तीच कथा होईल.

भूत निवडायचंच असेल तर आपल्याकडे कमतरता नाही, पण प्रत्येकाचा कायदा पाळा. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यातला. धुक्याच्या पहाटेला सगळ्यांत जवळचा चकवा, कारण त्याला रूप नसतं, तो फक्त वाट फिरवतो. वेताळ टेकडीवर रोज चालणाऱ्या माणसाला ओळखीच्याच वाटेवर तिसऱ्यांदा तोच दगड लागणं पुरेसं आहे.

संक्रांतीकडे लेखकांचं फार कमी लक्ष गेलंय, ही खंत आहे. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने घातलेली नवी नवरी, हळदीकुंकवाला आलेल्या बायका आणि मोजून आणलेलं वाण. वाण एक कमी पडलं, तर जास्तीची कोण येऊन गेली?

भाषेत एक सोय आहे, ती वापरा. शहारा, शिरशिरी, काटा, थरथर हे शब्द थंडीचे आणि भीतीचे दोन्हींचे आहेत. ‘तिला शहारा आला’ एवढंच लिहून पुढे जा, कशाने ते सांगू नका. ‘भीतीने’ हा शब्द पूर्ण कथेत एकदाही न वापरता बघा. थंडीच्या पायऱ्याही सांभाळा. गुलाबी थंडी कार्तिकातली, मग गारठा, मग कडाका. ‘हीव’ वापरलंत तर त्यात तापाची छटा येते, आजारी पात्राला तो शब्द शोभतो. ‘काळजाचा ठोका चुकला’, ‘रक्त गोठलं’, ‘भयाण शांतता’ हे दिसताक्षणी खोडा. बोलण्यातही सून नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असेल तर घाबरल्यावरही ‘अहो’च म्हणेल. भीतीच्या क्षणी तिने ‘अरे’ म्हटलं, तर तो बदल वाचक टिपतो, म्हणून तो जपून एकदाच खर्च करा.

कथा झाली की मोठ्याने वाचा. दोन हजार शब्दांना पंधरा-अठरा मिनिटं लागतात. जिथे आवाज आपोआप वेगात जातो तिथे वर्णन जास्त झालंय. जिथे ऐकणारा ‘म्हणजे काय झालं?’ विचारतो, तिथे शेवट उलगडून सांगू नका, मागे जाऊन पहिल्या पानावरचा तपशील ठळक करा.

दिवाळी अंकासाठी लिहायचं तर कथा पावसाळ्यात हातावेगळी करावी लागते, तेव्हा बाहेर दारं फुगलेली असतात आणि थंडी आठवणीतून लिहिली जाते. म्हणून नोंदी याच हिवाळ्यात करा. वही उशाशी ठेवा, पहाटे साडेपाचला उठून पंधरा मिनिटं बसा, तारीख, वेळ आणि तापमान लिहा, काय ऐकू आलं ते लिहा, मग स्वयंपाकघरात जाऊन तेलाची बाटली उलटी करून बघा.