निजामकालीन कागदांपासून वारस प्रमाणपत्रापर्यंत

वारसाच्या कामासाठी वकिलाकडे जाण्यापूर्वी घरातली जुनी पेटी उघडावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे पणजोबांच्या काळातले निवाडे व खरेदीखते आज घरात कोणालाच वाचता येत नाहीत. त्यांचे जाणकाराकडून मराठी भाषांतर करून घ्यावे. सोबत १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची, म्हणजे जमीन कोणाच्या नावे व ताब्यात होती त्या जुन्या महसुली नोंदीची, नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी. जमीन इनामी किंवा कुळाची निघाली, तर इनामविषयक कायद्याच्या व १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याच्या अटी आधी तपासाव्यात.

मग वंशावळ लिहावी, आणि ती लिहिताना कोणालाही गाळू नये. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याइतकाच वाटा त्याच्या हयात आईलाही मिळतो. गावाकडे नेमके आईचे आणि सासरी गेलेल्या बहिणीचे नाव राहून जाते, हे मला फार खुपते. बहिणीला हिस्सा नको असेल, तर तिने स्वेच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. तिचे नावच न दाखवणे हा त्यावरचा उपाय नाही.

शेतजमिनीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा. मात्र फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही. वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते. मयताचे बँकेतले पैसे, रोखे किंवा येणी वसूल करायची असतील, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मागावे. वारस कोण एवढेच ठरवून हवे असेल, तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस प्रमाणपत्र मिळते. दोन्ही अर्जांत सर्व वारसांची नावे व पत्ते द्यावेत, कारण एक नाव लपवले तरी मिळालेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

मृत्युपत्र असेल, तर त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का ते प्रथम पाहावे. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून ठेवलेली बरी. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते आणि दोघेही वारले असतील तर त्यांचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारे आणि मिळकतीत काहीही न मिळणारे निवडावेत.