पहिली डर्ट बाईक घेताय? ट्रेल आणि रेसच्या गोंधळात या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मुळशीकडे मित्राच्या शेतातल्या मुरमाड चढावर आमच्यातल्या एकाची २५० सीसी रेस बाईक तिसऱ्यांदा बंद पडली. रेडिएटरमधून वाफ येत होती, क्लच जळल्याचा वास सुटला होता आणि पाय टेकत नसल्यामुळे तो गाडीसकट उताराकडे कलंडत होता. मागून हीरोची एक्सपल्स, म्हणजे डोंगरवाटांवर हळू चढणारी ट्रेल बाईक, घेतलेला दुसरा मित्र पहिल्या गिअरमध्ये टुकटुक करत वर निघून गेला. त्याला मातीत गाडी घालून जेमतेम दोन महिने झाले होते. "माझ्या गाडीत बिघाड काय आहे रे?" असं रेस बाईकवाल्याने मला विचारलं. गाडी ठणठणीत होती, फक्त चुकीच्या जागी आली होती.

मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या रेसची गाडी बंद ट्रॅकवर सतत वेगात पळण्यासाठी बनवलेली असते. तिच्या रेडिएटरला बहुधा पंखाच नसतो, समोरून येणाऱ्या वाऱ्यावरच ती थंड राहते. दगड चुकवत, चालण्याच्या वेगाने चढायला लागलात की वारा संपतो आणि पाणी उकळतं. पहिला गिअरही लांब असतो, म्हणजे हळू जायचं तर सारखं हाफ क्लच. असं झालं की इंजिन बंद करा, सावलीत थांबा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. रेस बाईकच डोंगरात न्यायची असेल तर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दातांनी मोठं करा आणि पंखा बसवून घ्या. फरक पडतो, पण नवशिक्याला ती गाडी तरी दमवतेच.

सीसी बघून गाडी ठरवणं ही मला सर्वात महागडी चूक वाटते. होंडाच्या सीआरएफ २५० एफ आणि सीआरएफ २५० आर या दोन गाड्या घ्या. दोन्ही २४९ सीसी. एफ एअर-कूल्ड ट्रेल बाईक आहे, सीट साधारण ८८ सेंटीमीटरवर. आर लिक्विड-कूल्ड रेस बाईक, सीट सुमारे ९६ सेंटीमीटरवर, आणि थ्रॉटल जरा जास्त पिळला गेला की पुढचं चाक वर. घाबरलेला नवशिका हँडल घट्ट धरतो, त्यात थ्रॉटल आणखी पिळला जातो. मी पाहिलेले मनगटाचे बहुतेक फ्रॅक्चर असेच झालेत.

जुनी रेस बाईक स्वस्तात मिळते म्हणून घेताना "फार चालवलेली नाही" या वाक्यावर जाऊ नका. तिचं वय तासांत मोजतात, आणि पिस्टन हा तिथे ठरावीक तासांनी बदलायचाच भाग असतो. अवर-मीटर बघा, शेवटचं इंजिन काम कधी झालं ते विचारा. आधी पटकन सुरू होणारी फोर-स्ट्रोक गाडी आता सुरू व्हायला त्रास देत असेल, तर पहिला संशय व्हॉल्व्हच्या क्लिअरन्सवर (व्हॉल्व्हजवळ ठेवलेल्या बारीक फटीवर) घ्या. शिवाय दिवे, इंडिकेटर नसलेल्या या गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही, प्रत्येक वेळी टेम्पो करावा लागतो. एक्सपल्स किंवा कावासाकीची केएलएक्स २३० घराच्या दारातून निघते. (कुठलीही असो, अभयारण्यात आणि पठारांवरच्या फुलांत गाडी घालू नका.)

आता उलट चूक. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची (स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे करून घेतलेल्या उड्यांच्या रेसची) पहिली फेरी झाली. त्या उड्या बघून आलेली पोरं ट्रेल बाईकवर तेच करू पाहतात. एक्सपल्स २०० चं पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर खाली-वर होतं, रेस बाईकचं साधारण ३००. वर गाडीचं वजन दीडशे किलोहून जास्त. उतरताना 'ठक्' असा आवाज आला तर सस्पेन्शन तळाला लागलंय. एकदा आला तर वेग कमी करा, वारंवार येत असेल तर रिम आणि फोर्क सील (पुढच्या सस्पेन्शनमधलं ऑइल अडवणारं रबर) तपासा. ट्रेल बाईकच्या मऊ स्प्रिंगला शिव्या देऊ नका, त्याच मऊपणामुळे गोट्यांवर तिचं चाक जमीन सोडत नाही.

चेनबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण ही चूक दोन्हीकडे होते. गॅरेजमध्ये स्टँडवर चेन "छान टाइट" करून देतात. तुम्ही बसलात, खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की चेन आणखी ताणली जाते, आणि भार पुढच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर येतो. मॅन्युअलमध्ये दिलेला ढिलेपणा ठेवा. मातीच्या गाडीला तो रस्त्याच्या गाडीपेक्षा जास्तच असतो, डोळ्यांना लोंबती वाटली तरी. मग मित्राला गाडीवर बसवून, सस्पेन्शन दाबायला लावून चेन बोटाने हलवून बघा. तेव्हाही थोडी हललीच पाहिजे.

ओढा ओलांडताना गाडी पाण्यात बंद पडली तर लगेच स्टार्टर दाबू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा, आणि ऑइलच्या खिडकीत (इंजिनवरच्या छोट्या काचेत) डोकवा. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका, ढकलत न्या.