फेब्रुवारीत झाड हेरा, मे महिन्यात बी आणा

मी ऐरोलीत राहते आणि रोज लोकलने तुर्भ्याला कामाला जाते. खिडकी मिळाली तर पूर्वेची पकडते, कारण त्या बाजूला पारसिकचा डोंगर आहे. फेब्रुवारीत उघड्यावाघड्या झाडांमध्ये मधूनच एखादं झाड पेटल्यासारखं दिसतं. ते दिसलं की मी वहीत लिहून ठेवते : 'रबाळे सुटल्यावर, टाकीच्या मागे, पळस?' रविवारी चालत जाऊन ते प्रश्नचिन्ह खोडायचं किंवा नाव बदलायचं.

ही वही हौसेची नाही, गरजेची आहे. बी गोळा करायची वेळ येते तेव्हा झाडावर फूल नसतं. मे महिन्यात सगळीच झाडं हिरवी झालेली असतात, आणि नुसत्या आठवणीवर गेलात तर भलत्याच झाडाच्या शेंगा घेऊन घरी याल. म्हणून फुलात झाड ओळखायचं, जागा नोंदवायची आणि शेंगेच्या वेळी परत जायचं.

सगळ्यात जास्त घोटाळा पळस आणि पांगाऱ्यात होतो. माझ्या सासूबाई मुरबाडच्या. पळसाला पाने तीनच, हे त्यांच्या तोंडी नेहमी असतं. पण पांगाऱ्यालाही तीनच पानं असतात! मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हात लावून बघ ना. पळसाचं पान जाड, कडक. त्याची पत्रावळ होते. पांगाऱ्याची करून दाखव." तेव्हापासून मी पान आधी बोटांत धरून बघते. पळसाचं मधलं पान टोकाला बोथट, गोलसर असतं. पांगाऱ्याचं पातळ, शंकरपाळ्यासारखं आणि टोकदार. शिवाय पांगाऱ्याच्या फांद्यांवर बारीक काळे काटे असतात, पळसाला काटा नाही. फुलात असताना तर प्रश्नच नाही. पळसाच्या कळ्यांचा देठ काळपट मखमली असतो आणि फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' पांगाऱ्याचं फूल खरं लाल, पोवळ्यासारखं, आणि फांदीच्या टोकाला एकाच जागी गच्च तुरा.

काटेसावर ओळखायला सोपी. तरुण खोडावर शंकूसारखे जाड काटे, हाताच्या पंजासारखं पाच ते सात पर्णिकांचं पान आणि पाच मांसल पाकळ्यांचं वाटीएवढं फूल. ते खाली पडतं तेही अख्खं, धप्पकन. गुलमोहर सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या पाच पाकळ्यांपैकी एक वेगळी असते, मोठी आणि पांढऱ्या-पिवळ्या रेघांची, हे किती जणांनी पाहिलंय? हे झाड मूळचं मादागास्करचं. त्याच्या तलवारीसारख्या काळपट शेंगा जवळपास वर्षभर लटकत असतात, त्यामुळे बी कधीही मिळतं.

बी कुठून आणायचं, तर रस्त्याकडेच्या, सोसायटीतल्या, तळ्याकाठच्या झाडांखालून. येऊरला झाडं भरपूर आहेत, पण ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून काही उचलायचं नाही. तिथे फक्त बघायला जा, ओळख पक्की करायला त्याहून चांगली जागा ठाण्यात नाही.

आता रुजवणं. इथे प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा.

गुलमोहर आणि पांगारा यांचं बी दगडासारखं असतं. पहिल्या वर्षी मी गुलमोहराच्या वीस बिया तशाच मातीत टाकल्या. दोन महिन्यांनी उकरून पाहिल्या तर जशाच्या तशा, धुतल्या असत्या तर परत शेंगेत ठेवता आल्या असत्या. कवच पाणी आत जाऊ देत नाही, एवढंच कारण. दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून त्या पाण्यात घालून गॅसवर उकळल्या आणि सगळ्या मेल्या. आता मी नेलकटर वापरते. बी जिथे शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडायचं, कारण कोंब तिथूनच येतो. त्याच्या विरुद्ध टोकाला कवचाचा अगदी छोटा तुकडा काढायचा. आतला फिकट रंग दिसला की थांबायचं. नेलकटर निसटत असेल तर सुताराकडचा पॉलिश पेपर घ्या आणि त्यावर तेवढीच जागा घासा. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या असतील त्या लगेच पेरायच्या, ज्या तशाच आहेत त्यांना अजून थोडं घासायचं. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल पेरलं की आठवड्याभरात मान वर काढतात. पांगाऱ्याचं बी गडद लाल, मण्यासारखं सुंदर असतं आणि ते विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर टेबलावर उघडं ठेवू नका.

पांगारा लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्या कोवळ्या पानांवर आणि देठांवर कधी कधी गाठी येतात, पान वेडंवाकडं होतं. एक अगदी चिमुकली गांधीलमाशी आत अंडी घालते, त्याने हे होतं. गाठीचा भाग दिसताच कापून पिशवीत बांधून टाकून द्या, कुंडीत पडू देऊ नका.

सावरीचं बी मऊ असतं, त्याला काही घासायला लागत नाही. मात्र वेळ साधावी लागते. बोंडं तपकिरी झाली की एप्रिल-मेमध्ये ती तडकतात आणि कापूस बियांसकट वाऱ्यावर जातो. तडकण्याच्या बेतात असलेलं बोंड खाली पडलेलं मिळालं तर कागदी पिशवीत बांधून उन्हात ठेवा. पिशवी न बांधता ठेवलीत तर चार दिवस घरात कापूस वेचत बसाल. आत मिऱ्याएवढ्या काळ्या बिया निघतात. एक रात्र भिजवून लगेच पेरायच्या, पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या नाहीत.

पळस माझा सगळ्यात आवडता, आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. त्याची शेंग चपटी, आणि बी एकच, शेंगेच्या अगदी टोकाला. मे-जूनमध्ये शेंग वाळून खाली पडते. टोकाचा भाग कापून तसाच पेरला तरी चालतो. बी ताजं हवं. अडचण वेगळीच आहे. पळस आधी खाली वाढतो, मग वर. जमिनीवर चार पानं दिसत असतात तेव्हा सोटमूळ कितीतरी खोल गेलेलं असतं. मी आइस्क्रीमच्या डब्यांत सात रोपं केली होती. जुलैत काढायला गेले तर मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली, आणि काढताना सातही तुटली. एकही जगलं नाही. त्यामुळे पळसाचं बी शक्यतो जिथे झाड हवं तिथेच पेरा. पिशवीच वापरायची तर निदान फूटभर उंच काळी पिशवी घ्या आणि त्याच पावसाळ्यात जमिनीत लावा. पहिली दोन-तीन वर्षं शेंडा वाळला तरी उपटू नका. मूळ जिवंत असतं, पावसात पुन्हा फुटतं.

सीता अशोक कोणाला हवा असेल तर तो सावलीत वाढतो, दोन इमारतींच्या मधल्या जागेतही. भिंतीलगत उंच सरळ वाढतो तो खोटा अशोक, हा वेगळा. याची फुलं आधी पिवळी-केशरी, मग लाल होतात आणि थेट जुन्या फांद्यांवर झुबक्याने येतात. बी मात्र वाळवायचं नाही. शेंग उघडली की त्याच आठवड्यात मातीत.

एक झाड मी मुद्दाम लावत नाही : आफ्रिकन ट्यूलिप, ज्याला मुलं पिचकारी म्हणतात. कळी दाबली की पाणी उडतं, फुलं देखणी. पण त्याचं पंखवालं हलकं बी दूरवर उडतं, आणि जगातल्या सर्वात त्रासदायक आक्रमक जातींच्या शंभराच्या यादीत त्याचं नाव आहे. डोंगर एवढा जवळ असताना ते बी मला तिकडे पाठवायचं नाही.

मातीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग वाळू. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. मेमध्ये रुजलेली रोपं तेव्हा कोवळी असतात आणि सततच्या पाण्याने बुंध्याशी कुजतात. पहिले पंधरा दिवस त्यांना पत्र्याखाली ठेवा. नवी मुंबईत पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत अख्खा वाफा संपवतात, रात्री टॉर्च घेऊन वेचण्याशिवाय मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही.

जागा मात्र आधीच ठरवा. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात, तो भिंतीजवळ आणि पार्किंगजवळ नको. सावर अवाढव्य होते, तिला मोकळं मैदान हवं. शहरी भागात १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा चुकीच्या जागी लावून नंतर पस्तावण्यापेक्षा सोसायटीच्या सभेत खड्डा दाखवूनच मंजुरी घ्या. खड्डा दीड फुटाचा, काम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी, बुंध्याला चिकटून नाही तर हातभर लांब आळं करून.