ब्रशकटर घ्या, पण खोडापासून हातभर लांब ठेवा

पाऊस उघडला की बागेत गुडघाभर गवत उभं राहतं आणि दुकानात ब्रशकटरला, म्हणजे गवत कापायच्या यंत्राला, गर्दी होते. यंत्र जरूर घ्या, खुरपणीला माणसं मिळत नाहीत हे मलाही दिसतंय. पण त्याची गवत कापणारी, गरगर फिरणारी नायलॉनची दोरी झाडाच्या खोडाला लागू देऊ नका. पुरंदरच्या दिवे-सोनोरी पट्ट्यात अंजिराची, सीताफळाची चांगली फळं धरणारी झाडं याच एका हयगयीनं वाळलेली मी पाहिली आहेत.

खोडाजवळचं गवत बाजूला सारून जमिनीपासून चार बोटं वर बघा. सालीवर तार आवळल्यासारखी रेघ दिसेल. नखानं खरवडा. आत हिरवं नसेल, तपकिरी असेल, तर दोरी आतपर्यंत गेली. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल गोल कापली गेली की मुळं उपाशी मरतात, पण वरून झाड काही महिने हिरवंगार दिसतं. म्हणून कोणी ब्रशकटरवर संशय घेत नाही. पानं पिवळी पडली की दुकानदार 'मर' रोग आहे सांगून महागडी आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं औषध, गळ्यात मारतो. अंजिराच्या खोडकिडीचा भुंगेरा तर अंडी घालायला सालीतल्या अशा जखमाही शोधतो.

खोडाभोवतीचं हातभर गवत खुरप्यानंच काढा. कोवळ्या झाडांना जुन्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरून सैल घाला. हा माझा अनुभवाचा उपाय आहे, शिफारशीत नाही. पंधरा दिवसांनी काढून बघत जा, आत ओल आणि मुंग्या साचतात.

जखम झालीच तर सुटलेली साल धारदार चाकूनं साफ करा आणि त्याच दिवशी बोर्डोपेस्ट हा बुरशीनाशक लेप लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं नको.

आता यंत्राचं. दुकानात 50 सीसीच्या वरचंच दाखवतात. नुसत्या गवताला 35 सीसीच्या आसपासचं फोर-स्ट्रोक पुरतं. काटेरी झुडपं, घाणेरी असेल तरच मोठं इंजिन आणि दाताचं पातं घ्या. चढउताराच्या रानात पाठीवरचं सोयीचं. पैसे देण्याआधी पट्टा अंगावर चढवून दहा मिनिटं उभे राहा. खांदा तेव्हाच भरून आला तर दिवसभर चालणार नाही, आणि दमलेला हातच खोडाला दोरी लावतो. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा.

नेहमीची कामं:
- टू-स्ट्रोकला पुस्तिकेप्रमाणे ऑइल: 25:1 असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली
- फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल नाही
- हंगाम संपल्यावर टाकी रिकामी
- एअर फिल्टर साफ
- चष्मा, बूट, गार्ड. 15 मीटरच्या आत दुसरं कोणी नको
- गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटणे, कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं

अंजिराच्या मीठा बहाराची, म्हणजे उन्हाळी फळांसाठीची, छाटणी तोंडावर आहे. त्याआधी, आज संध्याकाळीच, बागेतल्या दहा झाडांची बुडं मोकळी करून बघा. रेघ दिसली तर उद्याची कापणी थांबवा आणि चुना भिजत घाला.