तूट, कर्जमाफी आणि बुडीत बँका: सरकारी पैशावर वाद घालताना या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेतला चहाचा गाडा असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतली जेवणाची सुट्टी, सरकारी पैशाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एकजण म्हणतो, "अण्णा, लाडक्या बहिणीला वाटून वाटून राज्य कर्जात घातलं." समोरचा म्हणतो, "आणि उद्योगपतींचे चौदा लाख कोटी माफ केले, ते कुठून आले?" दोघांकडचा आकडा बहुतेक वेळा खरा असतो. चूक असते ती तो आकडा ज्या वाक्यात बसवलाय त्या वाक्यात. या चुका सगळ्या पक्षांचे लोक सारख्याच करतात, म्हणून खाली पक्षानुसार नाही, चुकीनुसार लिहिलं आहे.

तूट आणि कर्ज एकच धरणं

किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. या वर्षात उधारी जितकी वाढली ती तूट. वहीच्या शेवटच्या पानावरची एकूण बाकी म्हणजे कर्ज. "तूट कमी झाली" याचा अर्थ कर्ज कमी झालं असा होत नाही. कर्ज वाढतच असतं, फक्त वाढायचा वेग मंदावलेला असतो.

केंद्राचा २०२५-२६चा अर्थसंकल्प घ्या. मांडलेला एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये. कर्ज सोडून बाकी सगळी जमा ३४.९६ लाख कोटी. मधला फरक १५.६९ लाख कोटी, ही राजकोषीय तूट, जीडीपीच्या ४.४ टक्के. खर्चाच्या दर शंभर रुपयांतले ३१ रुपये उसने. बहुतेक वाद इथे थांबतात आणि तिथेच फसतात, कारण त्याच कागदात पुढे व्याजाचा आकडा आहे: १२.७६ लाख कोटी. तुटीतून व्याज वजा केलं की २.९३ लाख कोटी उरतात. ही प्राथमिक तूट. आजवरच्या सगळ्या सरकारांनी, चालू सरकारनेही, करून ठेवलेल्या कर्जाचं ओझं वेगळं काढून या एका वर्षाच्या निर्णयांनी किती उसनवारी लागली, ते हा आकडा सांगतो. एखाद्या सरकारच्या त्या वर्षीच्या उधळपट्टीवर बोलायचं असेल तर प्राथमिक तूट बघा. देशाच्या डोक्यावरच्या भाराबद्दल बोलायचं असेल तर व्याज बघा.

हे सगळं "अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात" या छोट्या पुस्तिकेत मिळतं. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर ती मोफत आहे. वाचताना रकान्यांची डोकी नीट बघा: प्रत्यक्ष, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुन्हा पुढच्या वर्षाचा अंदाज. एका सरकारचा अंदाज दुसऱ्याच्या प्रत्यक्ष आकड्याशी लावायचा नाही. २०२०-२१चा अंदाज ३.५ टक्के तुटीचा होता आणि कोविडच्या त्या वर्षात प्रत्यक्ष तूट ९.२ टक्क्यांवर गेली. कोणता रकाना उचलला यावर अख्खं भाषण फिरतं.

कशासाठी उसनं घेतलं हे न विचारणं

सोलापुरात ही गोष्ट समजवायला वेळ लागत नाही. कारखानदाराने बँकेचं कर्ज काढून नवा रॅपियर माग बसवला, तर टॉवेल वाढतात आणि हप्ता त्यातून फिटतो. तेच कर्ज काढून कामगारांचा आठवड्याचा पगार भागवला, तर पुढच्या आठवड्याला पुन्हा बँकेच्या दारात. पगार देणं चूक नाही, तो द्यावाच लागतो. पण तो कर्जातून दिला जातोय हे मालकाला माहीत असायला हवं.

सरकारी हिशेबात पहिल्याला भांडवली खर्च म्हणतात, दुसऱ्याला महसुली. महसुली खर्च महसुली जमेपेक्षा जितका जास्त ती महसुली तूट. केंद्राची २०२५-२६ची अंदाजित महसुली तूट ५.२४ लाख कोटी, म्हणजे एकूण उसनवारीचा तिसरा हिस्सा रोजच्या खर्चासाठी. राज्याची त्याच वर्षीची अंदाजित राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी. इथेही साधारण तिसरा हिस्साच. केंद्र विरुद्ध राज्य असा वाद घालणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

लाडकी बहीण योजनेसाठी त्याच अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले होते. सात लाख कोटींच्या एकूण खर्चात हा पाच टक्क्यांच्या आसपासचा भाग. "राज्य बुडालं ते याच योजनेने" हे म्हणूनच अतिशयोक्त आहे. पण महसुली तुटीशेजारी ठेवला तर हा एकच खर्च तिच्या जवळपास ऐंशी टक्के भरतो, म्हणून "एवढ्याने काय होतं" हेही चालणार नाही. आमचं मत असं की योजना हवी की नको हा राजकीय प्रश्न आहे आणि तो मतदारांनीच सोडवावा. फक्त ती कोणत्या करातून किंवा कोणता खर्च कापून चालवणार, हे विचारल्याशिवाय बाजू घेऊ नये. विडी वळणाऱ्या बाईच्या हाती महिन्याला येणारे १,५०० रुपये फुकटचे म्हणून हिणवायचीही गरज नाही. प्रश्न खर्चाच्या मार्गाचा आहे, तिचा नाही.

"घर जसं चालतं तसं सरकार चालावं"

ही उपमा अर्धीच लागू पडते. घरातला कमावता माणूस म्हातारा होतो, सरकार होत नाही, म्हणून मुदत संपलेलं कर्ज ते नवं कर्ज काढून फेडत राहू शकतं. शिवाय सरकारला कर लावता येतो. पण हे तिन्ही पातळ्यांना सारखं लागू नाही. केंद्राच्या मागे रिझर्व्ह बँक आहे, तरीही २००६पासून ती सरकारी रोखे (सरकार कर्ज घेताना देतं ती परतफेडीची हमीपत्रं) थेट लिलावात घेत नाही. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि केंद्राचं कर्ज बाकी असेल तर नवं कर्ज काढायला घटनेच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राची संमती लागते. महापालिकेचे हात तर त्याहून बांधलेले. म्हणून पाणी काही दिवसांआड का येतं, हे भांडण दिल्लीच्या तुटीशी जोडण्याआधी ते काम कोणाच्या खात्यातलं ते शोधा. स्मार्ट सिटीच्या जानेवारी २०१६च्या पहिल्या यादीत सोलापूर होतं, पण त्या योजनेत केंद्राच्या पैशाइतकाच वाटा राज्य आणि महापालिकेने मिळून घालायचा होता.

"देश परदेशी सावकाराकडे गहाण पडला" हेही सोडून द्या. केंद्राचं बहुतांश कर्ज देशातलंच आहे: बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. तुमच्या मुदत ठेवीतला काही भाग बँकेने सरकारी रोख्यांतच गुंतवलेला असतो, कारण ठेवींच्या सुमारे १८ टक्के रक्कम अशा रोख्यांत ठेवणं तिला बंधनकारक आहे.

निर्लेखन म्हणजे माफी समजणं, आणि त्याच्या उलट चूक

इथे दोन्ही बाजू चुकतात, म्हणून जरा थांबून बघू.

संसदेत २०२३ साली दिलेल्या उत्तरानुसार २०१४-१५पासूनच्या नऊ वर्षांत अनुसूचित व्यापारी बँकांनी १४.५६ लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली. यात खाजगी बँकाही आल्या आणि लहान कर्जंही आली. मोठे उद्योग आणि सेवा क्षेत्र यांचा हिस्सा ७.४१ लाख कोटी. निर्लेखन म्हणजे बँकेने आपल्या नफ्यातून त्या कर्जाएवढी तरतूद करून ते ताळेबंदातून बाजूला काढणं. कर्जदाराचं देणं संपत नाही. खटला, जप्ती, वसुली चालूच राहते.

म्हणून "सरकारने उद्योगपतींना चौदा लाख कोटी माफ केले" या वाक्यात निदान तीन चुका आहेत: सरकारने नव्हे, बँकांनी; फक्त उद्योगपतींची कर्जं नव्हे; आणि माफ नव्हे, निर्लेखित.

आता उलट बाजू. "निर्लेखन म्हणजे माफी नाही" एवढं बोलून विषय संपवणारे वसुलीचा आकडा सांगत नाहीत. एप्रिल २०१४ ते मार्च २०२३ या काळात निर्लेखित कर्जांतून २.०४ लाख कोटी परत आले, म्हणजे शंभरातले चौदा. बाकीचं नुकसान कुणीतरी सोसलं: आधी बँकेच्या नफ्याने, मग भांडवलाने आणि सरकारी बँकांचं भांडवल आटलं तेव्हा सरकारने.

शेतकरी कर्जमाफी वेगळ्या वाटेने जाते. २०१७ची दीड लाखापर्यंतची योजना किंवा २०१९ची दोन लाखांपर्यंतची, दोन्हींत राज्य सरकार अर्थसंकल्पातून बँकेला पैसे भरतं आणि शेतकऱ्याचं देणं खरोखर संपतं. बोजा पहिल्या दिवसापासून सरकारच्या वहीत दिसतो. निर्लेखनाचा बोजा काही वर्षांनी, भांडवलाच्या रूपाने, वळसा घेऊन येतो. तुलना करायचीच तर कर्जमाफीची रक्कम बँकांत ओतलेल्या भांडवलाशी करा, निर्लेखनाच्या रकमेशी नको.

बँकेत ओतलेलं भांडवल: पैसा नेमका कुठून कुठे गेला

२०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारी बँकांत सुमारे ३.११ लाख कोटींचं भांडवल घातलं गेलं. त्यातले जवळपास ३५ हजार कोटी थेट अर्थसंकल्पातून आणि २.७६ लाख कोटी पुनर्भांडवलीकरण रोख्यांतून. ही दुसरी रीत समजली नाही की वाद भरकटतो. शंभर कोटींवर बघा:

१. सरकार शंभर कोटींचे रोखे काढून बँकेला विकतं.
२. बँक आपल्याकडच्या ठेवींतून सरकारला शंभर कोटी देते.
३. सरकार तेच शंभर कोटी देऊन बँकेचे नवे शेअर घेतं.
४. बँकेकडे रोखीऐवजी रोखे राहिले, पण भांडवल शंभर कोटींनी वाढलं. आता ती नियमाने नवी कर्जं देऊ शकते.

रोख रक्कम फिरून जागेवर आली, म्हणून मुद्दल राजकोषीय तुटीत धरली जात नाही, फक्त दरवर्षीचं व्याज धरलं जातं. मुद्दल मात्र द्यायचीच आहे. २०१८च्या सुरुवातीला काढलेल्या रोख्यांची मुदत २०२८पासून संपू लागते.

तेलरोख्यांचीही रीत हीच होती. २००५ ते २०१० या काळात पेट्रोल-डिझेल स्वस्त ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी रोखे दिले गेले आणि तेव्हाच्या तुटीत त्यांची मुद्दल दिसली नाही. जो तेलरोख्यांना "लपवलेली तूट" म्हणतो त्याने पुनर्भांडवलीकरणाचे रोखेही त्याच नावाने मोजावेत. जो एकाला हिशेबाची सोय म्हणतो त्याने दुसऱ्यालाही म्हणावं. एका बाजूला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हे आम्हाला मान्य नाही.

बँक वाचवली असं ऐकलं की आणखी एक प्रश्न लगेच विचारा: नेमकं कोण वाचलं? मार्च २०२०मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, खात्यातून पन्नास हजारांपर्यंतच काढता येत होते. दोन आठवड्यांच्या आत ते उठले. ठेवीदार वाचले. पैसा स्टेट बँकेचा आणि काही खाजगी बँकांचा होता, अर्थसंकल्पातला नव्हता. पण ज्यांनी जास्त व्याजासाठी बँकेचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली की शून्य करता येतात असे जोखमीचे रोखे) घेतले होते त्यांचे ८,४१५ कोटी शून्य झाले. "सरकारने बँकेला पैसे दिले" आणि "सगळे सुखरूप सुटले", दोन्ही वाक्यं खोटी. तरी स्टेट बँकेची जोखीम अखेर जनतेचीच, हे म्हणणाऱ्याचा मुद्दा रास्त आहे.

अमेरिकेचा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. २००८च्या आर्थिक संकटात बँका वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने ७०० अब्ज डॉलरपर्यंत खर्चाची परवानगी दिली. प्रत्यक्षात वाटले गेले त्याहून बरेच कमी, सुमारे ४४३ अब्ज. बँकांना दिलेले सुमारे २४५ अब्ज व्याज-लाभांशासकट जास्तच होऊन परत आले. मात्र घर गमावलेल्या कुटुंबांच्या वाट्याला तसं काही आलं नाही, आणि तिथला राग त्याबद्दलचा होता. पैसे परत आले एवढ्याने तो राग खोटा ठरत नाही.

"बँक बुडाली तर सरकार भरून देईल"

सोलापूरकरांना ही चूक सर्वांत महाग पडू शकते. लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर नोव्हेंबर २०२१मध्ये निर्बंध आले, काढायची मर्यादा एक हजार रुपये. २२ सप्टेंबर २०२२ रोजी परवाना रद्द झाला. कुणी पुनर्भांडवल घातलं नाही. ठेवीदारांना पैसे मिळाले ते ठेव विमा महामंडळाकडून आणि रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितल्याप्रमाणे सुमारे ९९ टक्के ठेवीदार पूर्ण रकमेला पात्र होते. हा विमा सरकारी खैरात नाही. त्याचा हप्ता बँकाच भरतात; २०२०मध्ये तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे ठरला होता.

मर्यादा पाच लाखांची, ४ फेब्रुवारी २०२०पासून. त्याआधी एक लाख होती. यात व्याज धरलेलं आहे: मुद्दल ४,८०,००० आणि साठलेलं व्याज ३५,००० असेल तर मिळणार पाच लाखच, वरच्या १५,०००साठी अवसायकाकडे (बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) थांबावं लागतं. एकाच बँकेच्या पार्क चौक आणि होटगी रोड अशा दोन शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात. तुमच्या एकट्याच्या नावची आणि पती-पत्नीच्या संयुक्त नावाची ठेव मात्र वेगळी धरतात. त्याच बँकेचं कर्ज बाकी असेल तर ते आधी वजा होऊ शकतं.

निर्बंध लागले की शाखेसमोर घोषणा देण्याआधी हे करा: केवायसी आणि आधार अद्ययावत करा, दुसऱ्या बँकेत सुरू असलेल्या तुमच्या खात्याचा तपशील तयार ठेवा आणि बँकेत दाव्याचं संमतीपत्र भरून पोच घ्या. ठेव विमा कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत तपासणी आणि पैसे. या पहिल्या यादीत नाव नसलं किंवा केवायसी अपुरी असली की पैसे रखडतात. बहुतेकांची अडचण इथेच होते.

आणि गल्लीतल्या पतसंस्थेत ठेव असेल तर हे सगळं तिला लागूच नाही. पतसंस्था सहकारी असली तरी बँक नव्हे, तिच्या ठेवींना हा विमा नाही. पाटीवर "बँक" शब्द आहे का आणि पासबुकावर किंवा शाखेत ठेव विम्याचा उल्लेख आहे का, हे ठेव ठेवण्याआधीच बघून घ्या.