आधी नोंद, मग सॉफ्टवेअर

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्याने रुजू झालेले बरेच जण पहिल्यांदा विचारतात, ‘कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ मी त्यांना आधी मार्क शिकायला सांगते. पुस्तकाची संगणकीय नोंद करण्याचा हा साचा १९६०च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट एव्हरम यांच्या पुढाकाराने तयार झाला. आज तो मार्क २१ या रूपात वापरला जातो. १०० क्रमांकाच्या रकान्यात लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाम, ६५० मध्ये विषय: एवढं बोटांवर बसलं की कुठलीही प्रणाली समोर आली तरी बिचकायला होत नाही.

जुन्या प्रणालीतून कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी हलवताना मला हे फार जाणवलं. तांत्रिक काम लवकर उरकलं. वेळ खाल्ला तो नावांनी. एकाच लेखकाची एका नोंदीत आद्याक्षरं, दुसरीत पूर्ण नाव, तिसरीत आडनाव आधी. संगणकाच्या लेखी ती तीन माणसं. विद्यार्थी एक नाव टाकतो, त्याला दोनच पुस्तकं दिसतात आणि बाकीची आपल्याकडे नाहीतच असं समजून तो निघून जातो. पुस्तकं मात्र कपाटातच असतात. म्हणून ऑथॉरिटी फाइलचं, म्हणजे प्रत्येक नावाचं एकच प्रमाण रूप ठरवून ठेवण्याचं काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. कोहा मुक्तस्रोत आहे. २००० सालापासून वापरात आहे. घरच्या संगणकावर बसवा आणि हाताशी असलेल्या पुस्तकांच्या नोंदी स्वतः भरून पाहा.

प्रबंधांसाठी बऱ्याच ठिकाणी डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर असतं. एमआयटी आणि एचपी यांनी ते २००२ मध्ये आणलं. त्यातलं वर्णन मुख्यतः डब्लिन कोअर या नोंदीच्या साच्यावर चालतं. त्याचे मूळ घटक पंधराच, म्हणून शिकायला सोपं. खरी कसोटी मराठी प्रबंधांची. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेली पीडीएफ पडद्यावर अगदी स्वच्छ दिसते, पण शोधचौकटीत शब्द टाकला तर काहीच सापडत नाही, कारण आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. अशा फाइलीतला एखादा परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा, लगेच कळतं. मग फाँट कन्व्हर्टर वापरा, नाहीतर पानांच्या प्रतिमांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालवा. ओसीआर जोडाक्षरांत अडखळतं, म्हणून निदान शीर्षक, सारांश आणि विषयशब्द हाताने युनिकोडमध्ये टंकाच.

आरएफआयडी (पुस्तकांवरच्या रेडिओ चिपा) आणि स्वयंचलित देवघेव यंत्रं यांची धास्ती नको, ती वापरता वापरता येतात.

हल्ली मात्र एक नवं काम येऊन पडलं आहे. एआयने सुचवलेली संदर्भसूची घेऊन विद्यार्थी येतात आणि त्यातले काही लेख अस्तित्वातच नसतात. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, उघडला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. क्रमांक खरा पण लेख भलताच, असंही होतं. शीर्षक, लेखक, खंड, अंक आणि पृष्ठं जर्नलच्या मूळ अनुक्रमणिकेशी ताडून पाहा. हे विद्यार्थ्याला शेजारी बसवून करा, म्हणजे पुढची यादी तो स्वतः तपासून आणेल.